जालन्याच्या ताटातली ज्वारी कुठे गेली? पेव, ओल आणि बिघडलेला पाऊस

‘अफवांचं पेव फुटलं’, ‘बोगस क्लासेसचं पेव फुटलं’ अशी वाक्यं तुम्ही रोज कुठल्या ना कुठल्या पोस्टमध्ये वाचता. पण पेव म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर तिशीच्या आतल्या बहुतेकांना सांगता येणार नाही. जालना, बीड, परभणी, सोलापूर या भागातल्या आजी-आजोबांना मात्र विचारून बघा. ते थेट हाताने गोल दाखवतील, मग खाली बोट करतील. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार.

हा शब्द आज आठवायचं कारण थोडं लांबचं आहे. अलास्का, उत्तर कॅनडा, सायबेरिया इथे राहणाऱ्या मूळनिवासी लोकांचं अन्न सध्या जमिनीमुळेच अडचणीत आलं आहे. त्यांच्या पायाखालची जमीन हजारो वर्षं गोठलेली होती, ती आता सैल होत चालली आहे. या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन, अशी तिची साधी व्याख्या. बातम्यांमध्ये हा विषय ‘बर्फ वितळतोय’ एवढ्यावरच संपतो. पण तिथल्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे समजायला जालन्याच्या माणसाला फार कष्ट पडणार नाहीत. कारण आपल्याकडेही अन्न जमिनीवर पिकण्याआधी जमिनीच्या पोटात साठवलं जायचं. एकदा पाण्याच्या रूपात आणि एकदा दाण्याच्या रूपात. या दोन्ही साठ्यांना आता गळती लागली आहे.

पेव कसं असायचं?

जुन्या गावात जमिनीचे दोन भाग मानले जायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची, गावठाणाची जमीन. पेव नेहमी पांढरीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. अशा जमिनीत खड्डा टिकणार कसा? पांढरीची माती घट्ट, जागा उंचावर, पाणी निचरून जाणारं.

आकार साधारण मोठ्या रांजणासारखा. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, पोट मोठं, खोली पुरुष-दोन पुरुष. आतून भिंती लिंपायच्या, तळाला आणि कडेने कडब्याचा, तुसाचा थर द्यायचा, मधे ज्वारी ओतायची. तोंडावर दगडी फरशी, त्यावर माती आणि शेणमातीचा लेप. झालं. वरून गाडी गेली तरी कळू नये. चोराला कळू नये हाही त्यातला एक हेतू होताच.

यातलं विज्ञान सोपं आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवात दाणे आणि त्यांच्यातले किडे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे गुदमरून मरतात. ना औषधाची गोळी, ना पावडर. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. कडेचा थोडा भाग ओल लागून काळा पडायचा, त्याला आंबूस वास यायचा, तो जनावरांना जायचा.

हीच हवा माणसालाही मारते. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग जळता दिवा दोरीने खाली सोडायचा. दिवा विझला तर अजून थांबायचं. घाई केलेली माणसं पेवात गुदमरून दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आजही कुठे जुनं पेव सापडलं आणि कुणी ‘आत काय आहे बघू’ म्हणून रील करायला उतरत असेल, तर त्याला आधी हे सांगा.

पेवाला एकच शत्रू, पाणी. खालून पाझरलं किंवा वरून शिरलं की आतलं सगळं सडतं. याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण जालन्यातलं नाही, सांगलीजवळच्या हरिपूरचं आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळदीची पेवं होती आणि सांगलीचा हळदीचा व्यापार त्यांवर उभा होता. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं. हळद तर गेलीच, पेवंही खचली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला तो वळलाच.

आता अलास्कात जाऊ

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला उत्कियागविक नावाचं गाव आहे. पूर्वी त्याला बॅरो म्हणत. इथले इनुपिआत लोक पिढ्यानपिढ्या बोहेड जातीच्या व्हेलची शिकार करतात आणि मांस गावात वाटून घेतात. एक व्हेल म्हणजे कित्येक टन अन्न, ते एका दिवसात संपत नाही. मग ते ठेवायचं कुठे? जमिनीखाली. गोठलेल्या जमिनीत उभा खड्डा खणून त्याच्या तळाशी खोली काढायची, शिडीने उतरायचं. त्यांच्या भाषेत याला सिग्लुआक म्हणतात. थोडक्यात, इनुपिआत लोकांचं पेव. व्हेल येण्याआधी हे तळघर साफ करून त्यात ताजा बर्फ घालायची पद्धत आहे. स्वच्छ घर दिसलं तरच व्हेल आपल्याकडे येते, अशी समजूत.

आपल्या पेवात हवा बंद करून धान्य टिकवायचे, त्यांच्या पेवात गारवा टिकवतो. जमीन ऊबदार झाली की सिग्लुआकच्या तळाशी पाणी साचतं, भिंती ढासळतात, मांस पाझरायला लागतं, बुरशी धरते. काही तळघरं सोडून द्यावी लागली. विजेचा फ्रीजर हा उपाय आहे, पण तिथे वीज महाग. शिवाय तळघरात हळूहळू मुरलेल्या मांसाची चव फ्रीजरमधल्या मांसाला येत नाही, असं तिथली माणसं सांगतात. चुलीवरच्या भाकरीची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून द्यायला नको.

सायबेरियात गोष्ट जास्त गंभीर झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात यामल द्वीपकल्पावर कडक उष्णतेची लाट आली, वरची जमीन नेहमीपेक्षा खोलवर वितळली आणि जुन्या मेलेल्या जनावरांसोबत गाडले गेलेले अँथ्रॅक्सचे जंतू बाहेर आले, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले. रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स समाजातला १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याआधी २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये याच यामलवर बर्फावर पाऊस पडला. ते पाणी गोठून चाऱ्यावर काचेसारखा थर बसला. रेनडिअरच्या खुरांना तो फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर भुकेने मेले. चारा होता, तो जागेवरच होता, पण तोंडाला लागत नव्हता.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, जालन्यात तो पुन्हा येणार आहे.

जालन्याचं खरं पेव म्हणजे काळी माती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून वेगळा झाला. आठ तालुके, दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना, उत्तरेला पूर्णा. पाऊस वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर. मोठं धरण, बारमाही कालवा हे मोजक्याच गावांच्या नशिबी. मग इथे रब्बीचं पीक, तेही पाऊस संपल्यावर पेरलेलं, येत कसं होतं?

उत्तर मातीत आहे. काळ्या भारी जमिनीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर असतं आणि ती पाणी धरून ठेवते. एक मीटर खोलीच्या चांगल्या काळ्या जमिनीत साधारण २०० मिलिमीटर पावसाइतकं, पिकाला घेता येईल असं पाणी मावतं. पावसाळाभर जमीन हे पाणी पिऊन घेते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उत्तरा आणि हस्त नक्षत्राच्या पावसावर शाळूची पेरणी होते. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. पुढचे चार महिने एक थेंबही पडला नाही तरी चालतं. ज्वारीची मुळं खाली खाली जात ओल शोधतात, रात्रीची थंडी आणि दव मदत करतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मोत्यासारखा दाणा हातात येतो. पाण्याची मोटर नाही, वीजबिल नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही जात जवळजवळ शंभर वर्षं अशाच जमिनीवर राज्य करून आहे. जालन्याची स्वतःची म्हणावी अशी जात म्हणजे दगडी ज्वारी. दाणा कठीण, म्हणून नाव दगडी. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जालन्याच्या मोसंबीला ते आधीच मिळालेलं होतं, म्हणून मोसंबीची जाहिरात सगळ्यांना माहीत आणि दगडीचं नाव जिल्ह्यातल्याच पोरांना नवीन.

मग बिघडलं काय?

पाऊस कमी झाला, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. जास्त त्रास पावसाच्या पडण्याच्या पद्धतीने होतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला एक अभ्यास खूप गाजला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. जालना या पट्ट्याच्या पश्चिम काठावर येतं. याच काळात या पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे मधले कोरडे दिवस लांबले आणि पडतो तेव्हा धो धो पडतो.

काळ्या मातीला हे सोसत नाही. रिमझिम पाऊस ती मुरवून घेते. पण दोन तासांत १०० मिलिमीटर कोसळला तर वरचा थर फुगून बंद होतो, खाली पाणी जातच नाही, उरलेलं सगळं वरची सुपीक माती घेऊन ओढ्याला. पर्जन्यमापकात आकडा चांगला दिसतो, बातमीत ‘सरासरी ओलांडली’ येतं, आणि वावरात फूटभर खाली कोरडं. यामलच्या रेनडिअरसारखंच आहे हे. चारा होता पण तोंडाला लागला नाही, तसा पाऊस होता पण मुळाला लागला नाही.

दुसरी अडचण तारखेची. सप्टेंबरअखेर जोराचा पाऊस झाला की वाफसा येत नाही. वाफसा म्हणजे पेरणीजोगी, ना चिखल ना ढेकूळ अशी जमिनीची स्थिती. २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले तेव्हा काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि रब्बीची पेरणी वाट बघत होती. पेरणी उशिरा झाली की सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. दाणा भरायच्या वेळेला जमिनीतली ओल संपलेली आणि ऊन चढलेलं. कणसात दाणे भरत नाहीत, किंवा बारीक राहतात. हुरड्याचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दुधाळ दाणा आगटीवर भाजून खायचा असतो, गुळभेंडीसारख्या जाती त्यासाठीच वेगळ्या पेरतात. उशिराच्या पेरणीत हुरडा येतो तेव्हा थंडी गेलेली असते.

तिसरी गोष्ट गारपीट. ही पूर्वी नव्हती असं नाही. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आणि ११ फेब्रुवारी २०१८ ची जालना-बीडमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना त्या तारखा अजून आठवतात. ज्वारी काढणीला आलेली, हरभरा घाटे धरून उभा, आणि अर्ध्या तासात शेत भुईसपाट. भिजलेली ज्वारी काळी पडते. खाता येते, पण भाकरीला रंग राहत नाही आणि बाजारात व्यापारी हात लावत नाही.

खरिपातल्या बाजरीला वेगळं दुखणं. भोकरदन, जाफराबाद, अंबडच्या हलक्या जमिनीवर बाजरीच खरी. ती फुलोऱ्यात असताना झड लागली तर परागकण धुऊन जातात आणि अरगट नावाची बुरशी धरते. अरगट लागलेली बाजरी खाल्ली तर मळमळ, उलट्या, चक्कर. म्हणून जुन्या बायका बाजरी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे दाणे काढून टाकायच्या. कृषी विभागाची शिफारसही आज हीच आहे, फक्त त्यांनी मिठाचं प्रमाण ठरवून दिलं.

सगळा दोष हवामानाचा?

नाही. आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण हल्ली प्रत्येक गोष्ट ‘क्लायमेट चेंज’च्या खात्यावर टाकायची सवय लागली आहे.

उत्कियागविकच्या तळघरांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. काही तळघरं जमीन तापल्यामुळे बिघडली, पण काहींच्या बाबतीत आजूबाजूची नवी बांधकामं, पाण्याचा बदललेला निचरा, मातीतला खारेपणा ही कारणंही निघाली.

जालन्यात ज्वारी मागे पडायला सुरुवात झाली ती हवामानाच्या आधी. बियाणं उद्योगाची राजधानी म्हणून जालना देशभर ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी इथे १९६४ मध्ये महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारी आणि बाजरी घरोघरी पोहोचवण्यात या शहराचा मोठा वाटा आहे. पण संकरित ज्वारी खरिपाची. परतीच्या पावसात ती काळी पडायची आणि तिच्या भाकरीला शाळूची चव नव्हती. २००२ मध्ये बीटी कापूस आला, त्याच सुमारास सोयाबीनने पाय पसरले, उत्तरेच्या तालुक्यांत मका वाढला. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. पैसा कापसात आणि पोट रेशनवर, मग खरिपाची ज्वारी लावायची कुणी?

शाळूचं कारण आणखी साधं आहे. ती उपटावी लागते. मुळासकट, हाताने, वाकून. पहाटेपासून उपटणी करणाऱ्याच्या तळहाताला फोड येतात. ज्वारीला हमीभाव आहे, पण उपटणीला माणूस नाही. जालन्यातल्या घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागातले हजारो मजूर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे शाळू पेरून काढेपर्यंतचा सगळा काळ ते कारखान्यावर, कोपीत. पेरणारा गावात, उपटणारा सांगली-कोल्हापूरला.

हवामानाने काय केलं? आधीच डळमळणाऱ्या हिशोबावर शेवटचं ओझं ठेवलं. पूर्वी शेतकरी म्हणायचा, कष्ट आहेत पण शाळू दगा देत नाही. आता तोही भरवसा राहिला नाही.

१९७२ आणि २०१२: दोन वेगळे दुष्काळ

मराठवाड्यात म्हणतात, बहात्तरला खायला नव्हतं, बाराला प्यायला नव्हतं. हे वाक्य बरंच खरं आहे.

१९७२ मध्ये धान्य संपलं. ज्यांच्या पेवात जुनी ज्वारी होती त्यांची चूल पेटत राहिली. बाकीच्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, सुकडी खाल्ली आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी दळली. तिच्या लाल भाकरीची आठवण काढताना आजही म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. याच अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

२०१२-१३ मध्ये जालना राज्यातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. धान्य रेशनवर होतं. पण जालना शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव आटला, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी त्या मुळासकट काढून सरपण केलं. त्या वर्षी चारा मात्र माणसाच्या अन्नापेक्षा मोठा प्रश्न ठरला.

इथे कडब्याची गोष्ट सांगायला हवी. ज्वारीचं अर्धं मोल कणसात असतं, अर्धं ताटात. शाळूचा कडबा जनावरं आवडीने खातात, गंजी रचून ठेवला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतो. सोयाबीनच्या भुसकटाला ती सर नाही, कापसाच्या पऱ्हाट्या तर चुलीतच जायच्या. शेतातून ज्वारी गेली तशी गंजी गेली. गंजी गेली की पहिल्या कोरड्या वर्षी दावणीची जनावरं बाजारात किंवा छावणीत. दूध, दही, ताक घरातून कमी होतं ते असं, ज्वारीच्या मागोमाग. ताटातला एक पदार्थ कमी झाला असं वाटतं, प्रत्यक्षात तीन कमी झालेले असतात.

बांधावरचं फुकटचं अन्न

ज्यांच्याकडे जमीन नव्हती ते काय खात होते? शाळूच्या उपटणीला मजुरी म्हणून पेंढ्या किंवा धान्य मिळायचं. गावातल्या दलित, भटक्या आणि आदिवासी घरांत ज्वारी यायची ती बरीचशी अशी. पीक नाही तर ती मजुरीही नाही. रोख मजुरी वाढली हे चांगलंच झालं, पण रोख पैशातून घरी येतो तो रेशनचा गहू-तांदूळ आणि तेलाचा पुडा. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या चुलीवर काय शिजायचं आणि का, हे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मांडलं आहे. ज्याला ‘पारंपरिक आहार’ म्हणून आज हॉटेलात थाळीचे पैसे मोजले जातात, त्यातलं बरंच काही टंचाईतून आलेलं होतं, हे ते पुस्तक वाचताना विसरता येत नाही.

भाजीसाठी बांध होता. मृगाचा पाऊस पडला की तरोटा, तांदुळजा, घोळ, पाथरी, केना, कुर्डू, आघाड्याचा कोवळा पाला उगवायचा. श्रावणात डोंगरकडेला करटुली. मंठा, परतूरकडच्या बंजारा तांड्यांवर आणि भोकरदन, जाफराबादकडच्या भिल्ल वस्त्यांवर पावसाळ्यातले दोन महिने भाजीला पैसे लागत नसत. आता पहिला पाऊस येतो आणि पुढे वीस-पंचवीस दिवस गायब होतो. कोवळी भाजी निबर व्हायला तेवढे दिवस खूप झाले. पण खरा मार तणनाशकाचा आहे. सोयाबीनमध्ये जे ‘तण’ म्हणून जाळलं जातं, त्यातलं निम्मं शेजारच्या घरात कालवण होतं. कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव भरवतो. चांगलं आहे. मात्र महोत्सवात करटुली ज्या भावाने विकली जातात तो भाव ऐकला की कळतं, ही भाजी आता कुणाच्या ताटात जाते.

करडीचं नाव यात घ्यायलाच हवं. शाळूच्या शेतात पाटं टाकून करडी पेरायचे. कोवळेपणी भाजी, पुढे तेल, आणि काटेरी असल्याने जनावरं पिकात शिरत नसत. पौषात ढगाळ हवा राहिली की करडीवर मावा पडतो आणि पीक काळं होतं. ढगाळ दिवस वाढले, तेलघाणे गेले, करडी गेली. भाकरीवर घालायचं घरचं तेलच संपलं.

काही उपाय चालू आहेत का?

आहेत, आणि ते बऱ्यापैकी जुन्या शहाणपणाचे नवे अवतार आहेत.

पाणी मुरवण्याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण जालना तालुक्यातल्या कडवंचीचं. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं. पुढे शेततळी आली आणि गाव द्राक्षांचं झालं. उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. पण इथे एक गोष्ट दिसते. पाणी अडलं की ते ज्वारीकडे जात नाही, द्राक्षाकडे जातं. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, हिशोबच तसा आहे. फक्त ‘पाणी आलं की पारंपरिक अन्न परत येईल’ असं कुणी म्हणत असेल तर कडवंची बघून यावं.

ज्वारीसाठी लागणारं काम वेगळं आणि स्वस्त आहे. रब्बीसाठी पडीक ठेवलेल्या रानात जुलै-ऑगस्टमध्येच बांध घालून छोटे वाफे पाडायचे, म्हणजे धो धो पाऊससुद्धा जागीच मुरतो. याला कोरडवाहू शेतीच्या शास्त्रात चार-पाच दशकांची मान्यता आहे. अडचण एवढीच की त्यासाठी खरिपात रान मोकळं ठेवावं लागतं, आणि सोयाबीनच्या जमान्यात ते परवडत नाही. रुंद वरंबा-सरीची पद्धत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून जिल्ह्यातल्या गावांत पोहोचली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती या रब्बी जाती दिल्या. लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्तीही त्यांचीच.

साठवणुकीतही एक गंमत झाली आहे. हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या बाजारात आल्या आहेत. धान्य भरा, तोंड घट्ट बांधा, आतला ऑक्सिजन संपतो, किडे मरतात, गोळ्या लागत नाहीत. नवं तंत्रज्ञान म्हणून प्रात्यक्षिकं होतात. पेव पाहिलेला माणूस पुढच्या रांगेत बसून ते ऐकत असतो.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरड धान्य वर्ष झालं, त्याआधीपासूनच शहरात मधुमेह आणि वजनाच्या काळजीने ज्वारीची मागणी वाढली होती. चांगली शाळू आता अनेकदा गव्हापेक्षा महाग असते. एकेकाळी ज्या घरात गव्हाची पोळी फक्त सणाला व्हायची, त्याच घरात आज रेशनच्या गव्हाची पोळी रोज होते आणि ज्वारीची भाकरी पाहुणे आले की.

तुम्हाला दगडी ज्वारी घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा. भौगोलिक मानांकन हे जातीच्या नावाला आणि त्या भागाला मिळतं, पोत्यातल्या प्रत्येक दाण्याला नाही. मोंढ्यात सुटी मिळणारी ज्वारी ‘दगडी’ म्हणून विकली जात असली तरी नोंदणीकृत उत्पादकाच्या पाकिटावर मानांकनाचं चिन्ह असायला हवं. आणि विचारायचंच असेल तर विकणाऱ्याला विचारा, पेरणी कधी झाली होती. हस्ताच्या आधी झाली असेल तर दाणा बहुतेक भरलेला निघेल.